तळ्याकाठची उन्हाळी धाव : देह, पाणी आणि प्रमाण

आपल्या उत्सवांचे दिवस नेमके तापत्या ऋतूत येतात. १४ एप्रिलची जयंती आणि वैशाखी पौर्णिमा यांच्या आगेमागे विदर्भातील लहानमोठ्या गावांत धावण्याच्या स्पर्धा भरतात आणि आमच्या वसतिगृहातील मोठी मुले-मुली त्यांत उत्साहाने नावे देतात. अलीकडे या स्पर्धा डांबरी रस्ता सोडून तळ्याकाठच्या उद्यानातून, पाऊलवाटेने घेण्याकडे ओढा वाढला आहे. वाहनांची भीती नाही, झाडांची सोबत आहे, पायांखाली माती आहे. ही निवड आम्हांला मनापासून आवडते. परंतु वाट बदलल्याने ऊन बदलत नाही. म्हणून अशी शर्यत कशी धावावी आणि कशी भरवावी, याचा थोडा शास्त्रशुद्ध विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडत आहोत. उदाहरणादाखल नागपूरचा अंबाझरी तलाव आणि त्यालगतचा हिरवा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे. दीक्षाभूमीपासून तो फार दूर नाही आणि आपल्या पुष्कळ वाचकांनी तो पाहिलेला आहे.

अंबाझरी हा नाग नदीच्या वरच्या अंगाला, शहराला पाणी पुरवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेला तलाव. नागपूर शहर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्वेकडील काठावर वसले आहे. शहराच्या पश्चिमेकडे हा बेसाल्ट खडक आणि त्याच्या झिजेतून झालेली काळी माती सर्वत्र आढळते. धावणाऱ्याला हा भूगोल पायांनी वाचावा लागतो. उन्हाळ्यात तळ्याचे पाणी मागे सरते आणि उघड्या पडलेल्या काळ्या गाळाला भेगा पडतात. वरून कडक दिसणारी ती जमीन पाऊल पडताच कडेने ढासळते आणि घोटा मुरगळतो. थोडे वर चढले की मुरूम लागतो. उतारावर तो तांदळाच्या दाण्यांसारखा पायाखालून निसटतो. बांधावर सावली नसते. पाण्याकाठी गारवा असतो, ही समजूतही अर्धीच खरी आहे. पहाटे तळ्यालगतची हवा दमट असते आणि दमट हवेत घाम वाळत नाही. घाम वाळणे म्हणजे काय, हे समजल्याशिवाय उन्हाळी धावेतील पुढचे काहीच समजणार नाही.

धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा साधारण पंचमांश ते चतुर्थांश भागच प्रत्यक्ष हालचालीस येतो. उरलेली सारी उष्णता होते. एक किलोमीटर धावण्यास शरीराच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १ किलोकॅलरी लागते, असा ढोबळ हिशेब आहे. ४५ किलो वजनाची मुलगी ८ किलोमीटर धावली, तर सुमारे ३६० किलोकॅलरी खर्च झाल्या आणि त्यांतील २८० च्या आसपास उष्णता झाली. ही उष्णता शरीरातच कोंडून राहिली, तर तिचे तापमान सात अंशांहून अधिक वाढेल. ३७ मध्ये ७ मिळवून पाहा. माणूस जिवंत राहणार नाही. ती जिवंत राहते, कारण त्वचेवर आलेला घाम वाफ होऊन ती उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी जातात; म्हणजे या मुलीचे प्राण अर्ध्या लिटर घामाच्या वाळण्यावर अवलंबून आहेत. जो घाम ओघळून मातीत पडला, तो वाया गेला. विज्ञानाच्या तासाला हा हिशेब फळ्यावर मांडून पाहावा, अशी शिक्षकांना आमची विनंती आहे. सुप्त उष्णतेचा धडा मुलांना याहून जवळचा वाटेल असे उदाहरण आम्हांला तरी ठाऊक नाही.

आपल्याकडच्या उन्हाचे एक वैशिष्ट्य यातून उलगडते. मे महिन्यात नागपूरकडची हवा इतकी कोरडी असते की घाम येताक्षणी वाळतो. मुले म्हणतात, ‘आम्हांला घामच येत नाही.’ सदऱ्यावर उमटलेले मिठाचे पांढरे पट्टे पाहिले म्हणजे खरे काय ते कळते. मृगाच्या तोंडावर याच्या उलट होते. पारा काही अंशांनी उतरतो, ढग येतात, सगळ्यांना हायसे वाटते. पण हवेतील ओल वाढल्याने घाम वाळेनासा होतो आणि धावणाऱ्याच्या दृष्टीने तेच दिवस अधिक कठीण ठरतात. केवळ तापमापकावरून दिवस निवडू नये, तो याच कारणाने. उष्णता, दमटपणा, ऊन आणि वारा यांचा एकत्रित अंदाज देणारे एक मोजमाप क्रीडावैद्यकात वापरले जाते. ते २८ अंशांच्या वर गेले तर लांब पल्ल्याची शर्यत घेऊ नये, असा तेथील प्रचलित संकेत आहे. हे उपकरण आपल्या शाळांत असण्याची शक्यता कमी. तेव्हा साधा नियम करावा. मे महिन्यात सूर्योदय साडेपाचच्या सुमारास होतो आणि दिवसातील सर्वांत कमी तापमान त्याच वेळेस असते. शर्यत उजाडताच सुटावी आणि सर्वांत हळू धावणारे मूलही सात-सव्वासातपर्यंत परत आलेले असावे. पाहुण्यांची वाट पाहत मुलांना आठ वाजेपर्यंत उन्हात रांगेत उभे करण्याची आपल्याकडील जी रीत आहे, तिचा आम्ही येथे स्पष्ट शब्दांत निषेध करतो. भाषणे नंतर, सावलीत व्हावीत.

उन्हाला सरावण्याची शरीराची शक्ती मोठी आहे. पण तिला वेळ लागतो. रोज थोडा वेळ उन्हात श्रम केले तर दहा ते चौदा दिवसांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. सुटीत बापासोबत शेतात राबलेला मुलगा आणि पंख्याखाली अभ्यास करून परीक्षा दिलेला मुलगा हे एकाच इयत्तेतील असले, तरी शर्यतीच्या सकाळी त्यांची शरीरे सारखी नसतात. दुसऱ्याने पहिल्याच्या पावलावर पाऊल टाकण्याचा हट्ट धरला, की अपघाताची सुरुवात होते.

येथे सोणाची कथा सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. चंपानगरीतील श्रीमंत घराण्यातला सोण कोळिविस इतका सुकुमार होता की त्याच्या तळपायांवर मऊ लव होती, असे विनयपिटक सांगते. प्रव्रज्येनंतर राजगृहाजवळच्या शीतवनात त्याने चंक्रमणाचा असा काही ध्यास घेतला की पाय फुटून वाट रक्ताने माखली. तरीही फळ दिसेना, तेव्हा घरी परतून दानधर्म करीत राहावे, असा विचार त्याच्या मनात आला. तथागतांनी त्याला विचारले ते वीणेविषयी. गृहस्थाश्रमात सोण वीणावादनात निपुण होता. तारा फार ताणल्या तर वीणा वाजे काय? फार सैल सोडल्या तर? दोन्ही वेळा त्याचे उत्तर नकारार्थी आले. वीर्यही तसेच समप्रमाणात लावावे, हा उपदेश अंगुत्तरनिकायात आला आहे. आपण ही कथा नेहमी ध्यानाच्या संदर्भात सांगतो. पण ती मुळात चालून चालून पाय फुटलेल्या माणसाची कथा आहे, हे आपण विसरतो. फाटलेल्या तळव्यांना तथागतांनी तपाचे भूषण मानले नाही. मुलांच्या शर्यतीत ‘पायांतून रक्त आले तरी धावला’ असे कौतुकाने सांगणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

कथेचा उत्तरार्ध तर आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. तथागतांनी सोणाला एकपदरी पादत्राणे वापरण्याची अनुज्ञा दिली. सोणाने ती एकट्यासाठी घेण्यास नकार दिला. गाडे भरभरून सोने टाकून आलेला सोण आता वहाणांत अडकला, असे लोक म्हणतील. संघाला अनुज्ञा असेल तरच मी वापरीन, असे त्याचे म्हणणे होते. तेव्हा साऱ्या भिक्खुसंघाला ती अनुज्ञा मिळाली. वसतिगृहातील मुलांच्या पायांकडे पाहताना ही गोष्ट आठवते. एकाच्या पायात नवे कोरे बूट आणि दुसऱ्याच्या पायात रबरी चप्पल, अशी स्थिती असते. कच्च्या वाटेवर बाभळीचा काटा आणि गोखरू कोणाची ऐपत विचारत नाही. महागडे बूट हवेत असे मुळीच नाही. टाच धरून ठेवणारे, तळाला खाचा असलेले, बोटांना पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवणारे साधे कापडी बूट पुरतात. पण ते सर्वांना हवेत. संस्थेने स्पर्धेच्या चषकांवरचा खर्च कमी करून ही सोय करावी. बूट निदान तीन आठवडे आधी द्यावेत. आदल्या दिवशी दिलेले नवे बूट फोडांखेरीज काही देत नाहीत.

वाटेवर धावण्याची रीत मैदानापेक्षा वेगळी आहे. पावले आखूड आणि जलद ठेवावीत, नजर चार-पाच पावले पुढे असावी. पायाच्या बोटांकडे पाहणारा हमखास ठेचकाळतो. चढ आला की चालावे, त्यात कमीपणा नाही. उतारावर मागे रेलून टाचा रोवल्या तर गुडघ्यांवर सगळा भार येतो आणि मुरमावरून पाय घसरतो. किंचित पुढे झुकून भराभर लहान पावले टाकणे अधिक सुरक्षित. वेग घड्याळावरून नव्हे, तर श्वासावरून ठरवावा. पहिल्या अर्ध्या अंतरात सोबत्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर तार फार ताणली गेली आहे.

आता पाण्याविषयी. ‘तळे’ हा शब्द आपल्या समाजाला नुसता भूगोलाचा नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याकाठी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जे घडले, त्यानंतर पाण्याच्या वाटपाकडे आपण निर्विकारपणे पाहू शकत नाही. शर्यतीत हा प्रश्न फार साध्या रूपात समोर येतो. पुढे धावणारे पाच-सात जण पाणवठ्यावर दोन-दोन पेले डोक्यावर ओततात, आणि शेवटची मुले पोहोचतात तेव्हा मडकी रिकामी असतात. वास्तविक शेवटचे मूलच सर्वाधिक वेळ उन्हात असते. म्हणून पाण्याचा हिशेब पहिल्याच्या वेगावरून न करता शेवटच्याच्या वेळेवरून करावा, आणि प्रत्येक पाणवठ्यावरील स्वयंसेवकाजवळ मागून येणाऱ्यांची संख्या लिहिलेली असावी.

किती प्यावे? तहानेप्रमाणे. तासाभराच्या धावेत दर दोन किलोमीटरला काही घोट पुरेत. घामातून मीठही जाते. तेव्हा शर्यतीनंतर कैरीचे पन्हे, मीठ घातलेले ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचे पाणी उत्तम. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण घरोघरी ठाऊक असावे. याउलट, भीतीपोटी पाणी पीतच राहणेही घातक असते. २००२ साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी सुमारे १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम प्रमाणापेक्षा खाली उतरलेले आढळले; अतिपान हे त्याचे मुख्य कारण होते. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, या समजुतीला आधार नाही. डोके आणि कान झाकणारा ओला दुपट्टा मात्र खरोखर उपयोगी आहे. आपल्या आजीला ते पुस्तकांशिवाय कळले होते.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट उघडपणे लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो. उद्यानात शौचालयाची सोय नसली, की मुली आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणे टाळतात. त्या तहानलेल्याच धावायला उभ्या राहतात आणि घेरी आली की ‘मुलींना झेपत नाही’ असा शेरा मिळतो. प्रारंभस्थानी स्वच्छ, आडोशाचे शौचालय नसेल, तर तेथे शर्यत भरवू नये.

याहून गंभीर बाब सिकलसेलची. रक्तातील लाल पेशींना विळ्याचा आकार देणारा हा आनुवंशिक दोष विदर्भातील आदिवासी आणि आपल्या समाजात मोठ्या प्रमाणावर आढळतो. आई-वडील दोघांकडून दोषी जनुक आले तर मूल ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आले तर ‘एएस’, म्हणजे वाहक. रुग्ण मुलाने अशा शर्यतीत उतरू नये. त्याच्या व्यायामाचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा. वाहक मूल दिसायला, खेळायला, अभ्यासाला अगदी इतरांसारखे असते आणि बहुधा आयुष्यभर तसेच राहते. परंतु तीव्र श्रम, उष्णता आणि शरीरातील पाण्याची कमतरता ही तिन्ही एकत्र आली, तर क्वचित त्याच्याही पेशी विळ्यासारख्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडतो. स्नायू फुटतात, त्यातील द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंडांवर आघात करतात, आणि जीवही जाऊ शकतो.

म्हणून वाहकांना धावूच देऊ नये काय? आमचे उत्तर नाही असे आहे, आणि त्याला आधार आहे. अमेरिकी सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. वाहकांमध्ये स्नायू फुटण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे दीडपट आढळला. मृत्यूचे प्रमाण मात्र लक्षणीयरीत्या अधिक आढळले नाही. त्या सैन्यात उन्हापासूनची काळजी, पाणी, विश्रांती आणि हळूहळू वाढवलेला सराव हे नियम सर्वांनाच लागू होते. एकाला वेगळे काढून घरी बसवण्याऐवजी सर्वांसाठी नीट व्यवस्था करणे, हा मार्ग आम्हांला धम्माच्याही जवळचा वाटतो. वाहक असल्याचे कळताच मुलाला संघातून वगळणारे क्रीडाशिक्षक आणि लग्न जुळणार नाही या भीतीने तपासणीच लपवणारे पालक, दोघेही एकाच अज्ञानाचे बळी आहेत. सोल्युबिलिटी चाचणी बोटाच्या थेंबभर रक्तावर होते. ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिसने वाहक की रुग्ण हे निश्चित होते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात बाधित आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी अभिप्रेत आहे. प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक विद्यार्थ्याची ही तपासणी व्हावी. तिचा निकाल पालक, अधीक्षक आणि डॉक्टर यांच्यापुरता राहावा. तो फलकावर लागता कामा नये.

वाहक मुलाने वेग आपणच ठरवावा, सुरुवातीला मुसंडी मारू नये, ताप किंवा जुलाब होऊन गेले असतील तर त्या आठवड्यात धावू नये. आणि एक खूण सर्वांनीच शिकून घ्यावी. उन्हाने येणाऱ्या पेटक्यात स्नायूचा दगडासारखा गोळा होतो आणि मूल वेदनेने ओरडते. सिकलच्या अडथळ्यात स्नायू हाताला मऊच लागतो, ओरडही नसते. पाय केवळ दुबळे होऊन मूल खाली बसते आणि बऱ्याचदा शर्यतीच्या पहिल्याच टप्प्यात बसते. अशा मुलाला ‘ऊठ, नाटक करू नकोस’ म्हणणारा माणूस स्वयंसेवक म्हणून नकोच. त्याला सावलीत घ्यावे आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

उष्माघाताची ओळख वेगळी. मूल असंबद्ध बोलते, वाट चुकते, विनाकारण चिडते किंवा कोसळते. शरीराच्या आतील तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते. अंगाला घाम आहे, म्हणजे उष्माघात नाही, ही फसवी समजूत आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्वित्झर्लंडच्या गॅब्रिएला आंडरसन-शीस यांनी मॅरेथॉनची अखेरची फेरी झोकांड्या खात पूर्ण केली, तेव्हा त्यांना घाम येत असल्याचे पाहून वैद्यकीय पथकाने पुढे जाऊ दिले होते. त्या वाचल्या. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो मात्र उन्हात कोसळून दुसऱ्या दिवशी मरण पावला. उन्हापासून बचाव व्हावा म्हणून त्याने अंगाला मेणासारखा लेप लावला होता, त्यामुळे घामालाच अडथळा झाला, असे सांगतात. श्रमातून आलेल्या उष्माघातात घाम सुरू असतानाही मेंदूला इजा होऊ शकते, हे आज निश्चित झाले आहे.

अशा वेळी आधी गार करणे, मग हलवणे, हाच क्रम पाळावा. १०८ ला दूरध्वनी करावा, पण रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. प्रारंभस्थानी मोठा टब, पाण्याचे पिंप आणि बर्फाच्या लाद्या तयार असाव्यात. मुलाला मानेपर्यंत गार पाण्यात ठेवावे, डोके धरून ठेवावे. टब नसेल तर बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चादरी अंगभर घालून दर दोन मिनिटांनी बदलाव्यात. पहिल्या अर्ध्या तासावर सारे अवलंबून असते. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये, तापाची गोळी देऊ नये आणि त्याला तळ्यात तर मुळीच उतरवू नये.

संयोजनाविषयी थोडे. वाट शक्यतो वर्तुळाकार असावी. आदल्या संध्याकाळी दोघांनी ती पूर्ण चालून पाहावी. फुटलेली काच, उघड्या विहिरी, आणि झाडांवर आग्या मोहोळ आहे काय, हे पाहावे. संरक्षित क्षेत्रातून जात असाल तर वनविभागाची परवानगी घ्यावी. प्लास्टिकचे पेले वापरू नयेत. सर्वांच्या मागे एक शिक्षक आणि एक शिक्षिका धावावीत. त्यांच्या मागे कोणी राहता कामा नये. मे २०२१ मध्ये चीनच्या कान्सू प्रांतातील डोंगराळ शर्यतीत अकस्मात गारपीट आणि थंड वाऱ्याने १७२ पैकी २१ धावपटूंचा बळी घेतला. तेथे कारण थंडीचे होते, आपल्याकडे उन्हाचे असेल. पण निर्जन वाटेवर मदत वेळेवर पोहोचत नाही, हा धोका सारखाच आहे. आपल्याकडेही वैशाखात वादळी पाऊस अचानक येतो. वीज चमकली, की शर्यत तेथेच थांबवावी.

निघताना जितकी नावे लिहिली, तितकीच परतताना खूण झाली पाहिजेत. वही मिटण्यापूर्वी दोघांनी मोजावे. आणि पुढचे दोन दिवस अधीक्षकांनी प्रत्येक मुलाला एकटे गाठून लघवीचा रंग विचारावा. ती कोऱ्या चहासारखी काळपट झाली असेल, तर ती स्नायू फुटल्याची खूण असू शकते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. मुले हे आपणहून सांगत नाहीत. सर्वांसमोर विचारले तर मुळीच सांगणार नाहीत.